केसपेपरवर ‘घसरून पडले’ लिहिलंय, मग खड्ड्याची भरपाई मिळेल का?

वाचकाचं पत्र (थोडक्यात)

माझे वडील, वय ५७, एमआयडीसीत एका कंत्राटदारामार्फत सुरक्षारक्षक आहेत. ४ जुलैला पहाटे साडेपाचच्या सुमारास ते सायकलवरून ड्युटीला निघाले होते. पाइपलाइनसाठी खोदून नुसत्या मातीने बुजवलेला चर पावसात खचला होता. वर पाणी साचलेलं, कठडा नाही, दिवा नाही. पुढचं चाक आत गेलं आणि बाबा हँडलवरून पुढे फेकले गेले. उजवं मनगट मोडलं, प्लेट टाकावी लागली. पुढचे दोन दात तुटले. रिक्षावाल्याने जवळच्या खासगी रुग्णालयात नेलं. तिथे केसपेपरवर ‘सायकलवरून घसरून पडले’ एवढंच लिहिलंय. पोलिसांत आम्ही गेलो नाही. आठवड्याभरात तिथे डांबर टाकलं. क्षेत्रीय कार्यालय म्हणतं, ठेकेदाराकडे जा. ठेकेदाराचा माणूस १०,००० रुपये आणि सहीचा कागद घेऊन घरी आला होता. एक एजंट म्हणतो, ‘अज्ञात वाहनाने धडक दिली असं लिहून द्या, क्लेम मिळवून देतो, तीस टक्के माझे.’ बाबांनी हेल्मेट घातलं नव्हतं. तीन आठवडे होऊन गेले. आता काही होईल का?

– एक वाचक (मुंबईबाहेरच्या एका महापालिकेच्या हद्दीतून)

उत्तर

नमस्कार ताई,

होईल. तीन आठवडे म्हणजे उशीर नव्हे. ठेकेदाराच्या कागदावर बाबांची सही झाली नसेल तर होऊ देऊ नका, आणि एजंटाला आजच नाही म्हणून सांगा.

एजंटाचं आधी बोलू, कारण तो तुमचा खरा दावाच मारून टाकेल. मोटार अपघात दावा प्राधिकरणात जायचं तर अपघातात मोटार वाहन असावं लागतं. सायकल हे मोटार वाहन नाही, आणि बाबांना कोणत्याही गाडीने धडक दिलेली नाही. म्हणून तो दरवाजा तुमच्यासाठी नाही. एजंटाच्या डोळ्यासमोर आहे ती २०२२ ची ‘हिट अँड रन’ योजना. तिच्यात अज्ञात वाहनाच्या धडकेत गंभीर जखमी झालेल्याला ५०,००० रुपये मिळतात. त्यासाठी तो तुमच्याकडून खोटं लिहून घेणार. पण एकदा ‘अज्ञात वाहनाने उडवलं’ असं लिहून दिलं की खड्ड्यामुळे पडले हे तुम्हालाच कधी म्हणता येणार नाही. खोटी खबर दिल्याचा गुन्हा अंगावर येईल तो वेगळाच. आणि टक्केवारीचं म्हणाल, तर निकालावर टक्का ठरवून काम घ्यायला वकिलालासुद्धा बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे.

तुमचा रस्ता दुसरा आहे आणि तो सरळ आहे. मुंबई उच्च न्यायालयात खड्ड्यांबाबत २०१३ पासून स्वतःहून दाखल करून घेतलेली जनहित याचिका चालू आहे. तिच्यात १३ ऑक्टोबर २०२५ रोजी न्यायालयाने आदेश दिला की खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख रुपये द्यायचे, आणि जखमी झालेल्याला दुखापतीच्या स्वरूपाप्रमाणे ५०,००० ते २,५०,००० रुपये. रक्कम ठरवायला समिती आहे. महापालिका हद्दीत तिच्यात आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव बसतात, नगरपालिकेत आयुक्तांच्या जागी मुख्याधिकारी. मागणी केल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत पैसे द्यायचे आहेत. तसं झालं नाही तर संबंधित वरिष्ठ अधिकारी वैयक्तिकरीत्या जबाबदार, आणि मागणीच्या तारखेपासून ९ टक्के व्याज. पैसे आधी त्या यंत्रणेने द्यायचे, मग दोषी ठेकेदाराकडून किंवा अधिकाऱ्याकडून वसूल करायचे. म्हणजे ‘ठेकेदाराकडे जा’ हे क्षेत्रीय कार्यालयाचं उत्तर तुम्हाला लागूच होत नाही. ठेकेदाराशी हिशेब त्यांनी करायचा आहे, तुम्ही नव्हे.

समितीकडे करायच्या भरपाईच्या अर्जात एक शब्द फार जपून वापरायचा आहे. पत्रात तुम्ही ‘चर’ म्हटलंय. आदेश खड्ड्यांबद्दल आणि उघड्या मॅनहोलबद्दल आहे. नुसतं ‘चर’ लिहिलंत तर समोरून ‘तो खड्डा नव्हता, ते चालू काम होतं’ असं उत्तर येऊ शकतं. म्हणून पहिल्या ओळीपासून असं लिहा: ‘पाइपलाइनसाठी खोदलेला चर बुजवल्यावर त्यावर खडी-डांबराचे थर न दिल्यामुळे माती खचून रस्त्यात पडलेला खड्डा.’ हे शब्दांचे खेळ नाहीत, घडलं ते हेच आहे. चर भरताना माती थराथराने ओली करून दाबावी लागते. ती एकदम ढकलून वर पसरली की आत पोकळी राहते, पहिल्या मोठ्या पावसात पाणी मुरतं आणि भराव बसतो. कडेचं जुनं डांबर मात्र जागेवरच राहतं, त्यामुळे कड उभी आणि धारदार होते. सायकलला माणूस पाडतो तो हा उभा काठ. वर पाणी असलं की तो दिसतही नाही.

‘घसरून पडले’ कसं सुधारायचं

तुमच्या प्रकरणातला सगळ्यात कच्चा दुवा हाच आहे, म्हणून इथे जरा थांबते.

पहाटे रक्तबंबाळ माणूस आला की अपघात विभागातला डॉक्टर आधी हात बघतो. इतिहासाच्या रकान्यात तो दोन शब्द टाकतो. त्यात दुष्ट हेतू नसतो, पण समितीसमोर किंवा कोर्टात हा कागद सगळ्यात वजनदार ठरतो, कारण तो भरपाईचा विचार मनात यायच्या आधीचा असतो. मूळ नोंदीत खाडाखोड करायला कुणालाही सांगू नका. तशी खाडाखोड दिसली की सगळी फाइलच संशयात जाते. त्याऐवजी वैद्यकीय अधीक्षकांना बाबांच्या सहीचा लेखी अर्ज द्या: ‘दाखल होताना मी बोलण्याच्या स्थितीत नव्हतो, माहिती रिक्षाचालकाने दिली. प्रत्यक्षात अमुक ठिकाणी रस्त्यावरील खड्ड्यात चाक जाऊन पडलो. माझं हे निवेदन नोंदवून त्याखाली आजच्या तारखेने पूरक नोंद करावी.’ हे अर्थात खरं असेल तरच लिहा. माहिती बाबांनीच दिली असेल तर तसं लिहा. पूरक नोंद, तिची तारीख आणि डॉक्टरांची सही हे सगळं जसं झालं तसं दिसलं पाहिजे. डॉक्टरांनी नकार दिला तर अर्जाची पोच जपून ठेवा, तीही पुरावा आहे.

त्याच अर्जात संपूर्ण केसपेपर, शस्त्रक्रियेची टिपणं, एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्ड यांच्या साक्षांकित प्रती मागा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. मेडिक्लेम असेल तर मूळ बिलं विमा कंपनीकडे जातील. ती जाण्याआधीच सगळ्याच्या दोन-दोन साक्षांकित प्रती काढा. नंतर त्या मिळवायला महिने जातात.

रिक्षावाल्याला शोधा. तो रोज त्याच थांब्यावर असणार. त्याने काय पाहिलं ते त्याच्याच शब्दांत एका कागदावर लिहून सही घ्या: बाबा कुठे पडले होते, सायकल कुठल्या बाजूला होती, खड्डा केवढा होता. ठरावीक मसुदा त्याच्या हातात देऊ नका. त्याच्या मोडक्यातोडक्या वाक्यांना जास्त किंमत आहे.

पोलीस ठाणं

पोलिसांत आता लेखी तक्रार द्या आणि उशिराचं कारण तिच्या पहिल्याच परिच्छेदात सांगा: शस्त्रक्रिया झाली, हात प्लास्टरमध्ये, लिहिता येत नव्हतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणे हाड मोडणं किंवा दात तुटणं म्हणजे गंभीर दुखापत. निष्काळजीपणाने अशी दुखापत करणं कलम १२५ खाली दखलपात्र गुन्हा आहे. तरीही ठाण्यात बहुतेक वेळा दोन गोष्टी होतात. एक, अदखलपात्र म्हणून चिटोरं देऊन घरी पाठवतात. दोन, आणि हे जास्त वाईट, ‘स्वतःच्या चुकीने पडला’ असा मजकूर लिहून त्यावर सही घेतात. सही करण्याआधी जबाब मोठ्याने वाचून घ्या. त्यात तीन गोष्टी असल्याच पाहिजेत: खड्डा, तिथे कठडा-दिवा-फलक काहीही नव्हतं, आणि चाक खड्ड्यात गेल्यामुळे पडलो. काम चालू असलेल्या ठिकाणी कठडे, परावर्तक आणि रात्री दिवे कसे लावायचे याची इंडियन रोड्स काँग्रेसची ‘एसपी ५५’ ही मार्गदर्शिका आहे. अर्जात तिचा उल्लेख करा.

तक्रार घ्यायला नकार दिला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना किंवा पोलीस आयुक्तांना टपालाने पाठवा. उच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे अशा अपघाताची माहिती ठाण्याने ४८ तासांत समितीला द्यायची असते. तुमच्या बाबतीत ते घडलं नाही कारण ठाण्याला कळवलंच नव्हतं. म्हणून ‘ही माहिती भरपाई समितीकडे पाठवावी’ अशी शेवटची ओळ टाका.

खड्डा बुजवला, मग पुरावा?

बुजवणं हाच पुरावा. डांबर टाकलं म्हणजे कुणीतरी ते काम केलं, कुणीतरी मोजलं आणि बिल लावलं. कनिष्ठ अभियंत्याच्या मोजमाप पुस्तिकेत, जिला ते ‘एमबी’ म्हणतात, लांबी, रुंदी, जाडी आणि तारीख यांची नोंद असायला हवी. ४ जुलैनंतर आठवड्याभरात त्या जागी पॅच मारल्याची नोंद सापडली तर ४ जुलैला तिथे धड रस्ता होता हे कुणी म्हणू शकणार नाही.

उद्या सकाळी उजेडात तिथे जा. नवा पॅच जुन्या रस्त्यापेक्षा काळा दिसेल, कडा चौकोनी असतील. टेप लावून लांबी-रुंदी मोजा आणि टेप फोटोत दिसू द्या. मग जवळच्या विजेच्या खांबापासून आणि पदपथाच्या कडेपासून अंतर मोजा. खांबावर रंगवलेला क्रमांक टिपा. ‘अमुक चौकाजवळ’ असं लिहिलं की वाद घालायला जागा राहते, ‘खांब क्रमांक अमुकपासून सव्वाचार मीटर पूर्वेला’ असं लिहिलं की राहत नाही. एक फोटो लांबून घ्या, ज्यात पॅच आणि दुकानाची पाटी दोन्ही येतील, आणि एक अगदी जवळून. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवून मूळ पुसू नका. तिथे पाठवताना फोटो दाबला जातो आणि त्यातली वेळ-स्थळाची माहिती निघून जाते.

आसपासच्या दुकानांचे कॅमेरे आजच विचारा, कारण बऱ्याच ठिकाणी जुनं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. ४ जुलैचं मिळालं नाही तरी खचलेला चर दाखवणारं त्या आठवड्यातलं कुठलंही चालेल. दूधवाला, पेपरवाला, सकाळी फिरायला जाणारे यांच्या मोबाइलमध्ये त्या साचलेल्या पाण्याचा एखादा फोटो असतोच. सोसायटीच्या ग्रुपवर एकदा विचारा. महापालिकेच्या ॲपवर त्या चराची आधीच कुणी तक्रार केली असेल तर ती हाती लागणं फार मोलाचं. उच्च न्यायालयाने खड्ड्याची तक्रार आल्यावर ४८ तासांत दखल घ्यायला सांगितलं आहे, आणि ती न घेणं हा घोर निष्काळजीपणा मानला आहे.

सायकलला हात लावू नका

ती दुकानात टाकली असेल तर फोन करून काम थांबवा. ती साक्षीदार आहे. माणूस ओल्या रस्त्यावर आडवा घसरतो तेव्हा एका बाजूचं पेडल, हँडलचं टोक आणि सीटची कड घासली जाते. चिमटा (पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरणारे दांडे) आणि रिम सहसा शाबूत राहतात. चाक खड्ड्याच्या उभ्या काठावर आदळतं तेव्हा उलटं होतं: पुढची रिम एका जागी आत दबते, ट्यूबला रिमच्या दोन्ही कडांनी चिमटून दोन समांतर चिरा पडतात, आणि चिमटा मागे, पेडलांच्या दिशेने वाकतो. तुमच्या सायकलचा चिमटा मागे वाकला असेल तर ‘घसरून पडले’ या दोन शब्दांना तोच उत्तर देईल.

सायकल भिंतीला लावून बाजूने फोटो घ्या, दबलेल्या रिमवर पट्टी ठेवून घ्या, ट्यूब काढून चिरा दाखवा. मग दुकानदाराकडून लेटरहेडवर किंवा बिलबुकावर लिहून घ्या: काय वाकलं, कशाने वाकू शकतं, दुरुस्तीला किती. बदललेले भाग घरी आणून ठेवा.

माहिती अधिकार

महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत असावा लागतो. त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, किंवा ऑनलाइन भरा. ‘चर का भरला नाही?’ असं विचारू नका. ‘का’ला उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही. कागद मागा: त्या जागेचा खोदाई परवाना आणि त्यातल्या अटी, कामाचा आदेश, ठेकेदाराचं नाव, दोषदायित्व कालावधी (काम बिघडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत), रस्ता पूर्ववत करण्याची मुदत, १ एप्रिलपासून आलेल्या तक्रारी, आणि जुलैमधल्या दुरुस्तीच्या मोजमाप पुस्तिकेची पानं. उत्तराला ३० दिवस, नाही आलं तर पहिलं अपील. पण भरपाईचा अर्ज यासाठी अडवून ठेवू नका. कागद नंतरही जोडता येतात.

याच अर्जातून रस्ता कुणाचा हेही कळेल. बाबा एमआयडीसीकडे चालले होते. वसाहतीतले रस्ते अनेक ठिकाणी एमआयडीसीच्या ताब्यात असतात, मोठा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा असू शकतो. प्रत्येकासाठी समिती वेगळी असते. खात्री होईपर्यंत अर्ज महापालिका आणि रस्ता ज्या दुसऱ्या यंत्रणेचा असेल असं वाटतं ती, अशा दोघांना द्या, आणि दोन्हीत दुसऱ्याला दिल्याचं नमूद करा.

आकडा कसा मांडायचा

‘योग्य ती भरपाई मिळावी’ असं लिहिलं की खालचा आकडा मिळण्याची शक्यता वाढते. हिशेब असा मांडतात (आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे घाला): रुग्णालय ८४,३००, औषधं ६,१५०, फिजिओथेरपी १२ बैठका, दर ४०० प्रमाणे ४,८००, रिक्षाभाडं २,३४०, सायकल ३,१००, दातांच्या पुढच्या उपचाराचा दंतवैद्याचा लेखी अंदाज १८,०००. बुडालेला पगार: महिना १४,५०० भागिले २६ म्हणजे दिवसाला सुमारे ५५८. डॉक्टरांनी सात आठवडे विश्रांती लिहिली असेल तर कामाचे ४२ दिवस, म्हणजे २३,४२३. एकूण १,४२,११३. ही झाली खिशातून गेलेली आणि जाणारी रक्कम. त्यावर वेदना, दोन दात कायमचे गेले, आणि मनगट पूर्वीसारखं वळेल की नाही याची शंका. म्हणून समितीकडे पूर्ण २,५०,००० मागायला तुमच्याकडे आधार आहे.

पगाराची स्लिप मिळत नसेल तर बँकेचं सहा महिन्यांचं पासबुक आणि हजेरीपत्रकाची प्रत चालेल. रिक्षाचं बिल मिळत नाही, म्हणून वहीत तारीख, कुठून कुठे, किती असं लिहीत जा. अपंगत्वाचा दाखला मात्र आत्ता काढू नका. हाड जुळून फिजिओ संपल्यावर मनगट किती अंश वळतं ते मोजून दाखला मिळतो. घाईने घेतलेल्या दाखल्याला समोरचा वकील ‘उपचार चालू होते’ एवढं म्हणून बाजूला सारतो.

पगारातून ईएसआय कापतात का, ते आज बघा

हे तुम्ही विचारलं नाही, पण कदाचित सगळ्यात लवकर पैसे इथूनच मिळतील. बाबांचा पगार महिना २१,००० च्या आत असेल आणि ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) वर्गणी कापली जात असेल, तर घरून कामावर जातानाचा अपघात हाही कामाशी निगडित अपघात धरला जातो. मात्र वेळ, जागा आणि काम यांचा संबंध दिसला पाहिजे. पहाटे साडेपाच, नेहमीचा रस्ता, सहाची पाळी असेल तर तो संबंध उघड आहे. तात्पुरत्या असमर्थतेच्या काळात सरासरी वेतनाच्या सुमारे ९० टक्के मिळतात. अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस कामावर जाता आलं नसलं पाहिजे. बाबांना कामावर ठेवणाऱ्या कंत्राटदाराने अपघाताचा अहवाल ईएसआयच्या शाखा कार्यालयाला द्यायचा असतो. तो टाळाटाळ करत असेल तर तुम्हीच शाखा व्यवस्थापकाला लेखी कळवा. इथून वेतन मिळालं तर समितीच्या अर्जात ते स्पष्ट सांगा आणि तेवढी रक्कम वजा दाखवा. लपवलेली एक गोष्ट सापडली की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो.

हेल्मेट

सायकलस्वारावर हेल्मेटची सक्ती मोटार वाहन कायद्यात नाही. शिवाय जखम मनगटाला आणि दातांना आहे, साध्या सायकल हेल्मेटने ती टळली नसती. अर्जात हा विषय तुम्ही काढायची गरज नाही. विचारलं तर खरं सांगा. दिवा आणि ब्रेकचंही तेच. दिवा नव्हता तर नव्हता म्हणा, पण तिथला पथदिवा चालू होता का आणि खड्डा पाण्याखाली होता हेही सांगा. पाण्याखालचा काठ सायकलच्या दिव्याने दिसत नाही.

सहा महिन्यांचं घड्याळ

समितीचे पैसे कमी पडले आणि दिवाणी दावा करायची वेळ आली, तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ मध्ये दोन अटी आहेत. दाव्याआधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यायची, आणि दावा कारण घडल्यापासून सहा महिन्यांत करायचा. तुमच्यासाठी ती तारीख ४ जानेवारी. नोटिशीचा महिना मुदतीतून वगळून मिळू शकतो, पण त्या भरवशावर बसू नका. सप्टेंबरअखेर नोटीस गेलेली असू द्या. नोटीस महापालिकेच्या मुख्य कार्यालयात द्यावी लागते. क्षेत्रीय कार्यालयाच्या आवक विभागात दिलेली नोटीस नंतर ‘मिळालीच नाही’ ठरवली जाते. तिच्यात बाबांचं नाव, राहण्याचा पत्ता आणि दाव्याचं कारण नीट असावं. रस्ता राज्य सरकारच्या खात्याचा निघाला तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे नोटीस दोन महिन्यांची.

वकिलाचा खर्च झेपणार नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००. भरपाई समितीवर बसणारे सचिव याच कार्यालयातले, त्यामुळे तुमच्या अर्जाची दुसरी प्रत तिथेच द्या.

ते दहा हजार

बाबांना पैशाची आत्ता गरज आहे हे आम्हाला कळतं. घ्यायचेच असतील तर बँकेतून घ्या, रोख नको. पावतीवर बाबांच्या बाजूने एवढंच लिहा: ‘उपचारखर्चापोटी आगाऊ, उर्वरित सर्व हक्क राखून.’ ‘पूर्ण व अंतिम’, ‘यापुढे तक्रार नाही’, ‘स्वखुशीने’ यांपैकी एकही शब्द त्या कागदावर असेल तर पैसे परत पाठवा. समितीचा धनादेश घेतानाही हीच काळजी घ्या. आणि तो माणूस किती तारखेला, कुणाच्या वतीने आला, हे वहीत लिहून ठेवा. ज्याचा संबंध नाही तो दहा हजार घेऊन घरी येत नाही.

अर्ज आयुक्तांच्या नावे, विषय असा: ‘जनहित याचिकेतील दि. १३/१०/२०२५ च्या आदेशानुसार खड्ड्यामुळे झालेल्या गंभीर दुखापतीबद्दल भरपाईची मागणी.’ मजकूर दीड पानाच्या वर नको: जागा खांबासह, वेळ, खड्डा कसा पडला, कठडा-दिवा नव्हता, दुखापत, हिशेब, बँक खातं. जोडलेल्या प्रत्येक कागदावर क्रमांक टाका. बाबांना सही करता येत नसेल तर डाव्या हाताचा अंगठा घ्या, आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन उजवा हात प्लास्टरमध्ये असल्याचं लिहा. आवक विभागात तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक तिन्ही घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. सहा ते आठ आठवडे आणि ९ टक्के व्याज दोन्ही त्या शिक्क्याच्या तारखेपासून मोजायचे आहेत. म्हणून केसपेपरची पूरक नोंद व्हायची वाट न बघता, आहेत तेवढे कागद लावून अर्ज याच आठवड्यात द्या. बाकीचे ‘पूरक कागद’ म्हणून त्याच आवक क्रमांकाचा हवाला देऊन नंतर पाठवा.